पाठीचे बंद

इस्पितळाच्या तळघरात कपडे धुण्याची मोठी यंत्रं दिवसभर घरघरत असत. त्यांच्या शेजारच्या खोलीत टाकेबाई बसत. खोलीला खिडकी एकच, तीही छताला लागून, आणि तिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसत. बाईंना पायांवरून माणसं ओळखता यायची. डॉक्टरांचे पाय घाईचे, नातेवाइकांचे थांबत थांबत जाणारे, आणि घरी सोडलेल्या पेशंटचे पाय नवे जोडे घातल्यासारखे जपून पडणारे. खोलीत एक शिवणयंत्र, एक लांबलचक टेबल आणि भिंतीला टेकून फाटक्या कपड्यांचे ढीग असत. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेची हिरवी फडकी आणि पेशंटचे झगे. वर जे फाटेल ते खाली यायचं, शिवून पुन्हा वर जायचं. सव्वीस वर्षं बाईंनी हे काम केलं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. टाकेबाई हे नाव मोठ्या सर्जननी ठेवलं. एकदा कोटाचा फाटका खिसा घेऊन ते स्वतः खाली आले. बाईंनी उभ्या उभ्या तो शिवून दिला, तेव्हा ते म्हणाले, "बाई, धंदा आपला एकच. तुम्हीही टाके घालता, मीही घालतो."

बाई दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "फरक आहे साहेब. माझं गिऱ्हाईक कण्हत नाही."

दुपारच्या चहापर्यंत ही गोष्ट चौथ्या मजल्यावर पोचली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाईंचं हे तोंड असं पहिल्यापासून चालायचं. मध्ये एक वर्ष मात्र ते पार मिटलं होतं.

बाईंच्या नवऱ्याचा धंदा खिडक्यांना काचा बसवण्याचा. गल्लीत सगळे त्यांना काचवाले म्हणत. वीस वर्षांत त्यांच्या हाताला एकदाही काच लागली नव्हती, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "काच घाबरट असते," ते सांगायचे, "आपण तिच्याहून घाबरलोय हे तिला कळू द्यायचं नाही." एका साध्या मंगळवारी सकाळी साडेदहाला ते स्वयंपाकघरासाठी बल्ब आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानाला लागून एका जुन्या गोदामाची भिंत होती. पाऊस नव्हता, वारा नव्हता, रस्त्यावरून एखादा ट्रकही गेला नव्हता. भिंत पडली. बल्ब पेटतो का ते दाखवायला दुकानदार अर्धं पाऊल आत वळला होता. त्याच्या सदऱ्यावर नुसती धूळ बसली. काचवाले जागच्या जागी गेले.

चौकशी झाली. गोदामाचा मालक केव्हाच वारलेला, वारस कुठे आहेत कोणाला माहीत नाही, भिंत नेमकी कुणाची हेच ठरेना. बोट दाखवायलाही कोणी सापडलं नाही.

मग घरी माणसं यायला लागली. काहींनी फळं आणली, कारणं मात्र सगळ्यांनी आणली. शेजारीण म्हणाली, चांगली माणसं वरच्याला लवकर हवी असतात. दुसरं कोणी म्हणालं, त्यांची वेळ भरली होती, बल्ब हे निमित्त. नणंद मायाळू बाई, भाऊ गेल्याने स्वतःच अर्धी झालेली. तिने बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वहिनी, ही परीक्षा असते. ज्याच्यात ताकद असते त्याचीच तो घेतो."

"वन्सं, मग मी नापास झाले म्हणून सांगा त्याला," बाई म्हणाल्या. "आणि माणूस परत पाठवायला सांगा."

त्या अर्ध्या पावलाचा बाईंनी पिच्छा पुरवला. भाजी निवडताना, बसची वाट बघताना, यंत्रात दोरा ओवताना त्या तेच उलटसुलट करून बघत. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. काचवालेही नव्हते. भिंतीला दोघांचीही ओळख नव्हती. शेवटी बाईंनी मनाशी ठरवलं की यामागे काहीही नाही. कारण नाहीच. हे कळल्यावर आधी बरं वाटलं, दुखणारा दात एकदाचा निघाल्यासारखं. पण त्याच्या मागोमाग दुसरा विचार घरात शिरला आणि ठाण मांडून बसला. कारणच नसेल, तर कशालाच काय अर्थ आहे?

बाई रडत नव्हत्या, म्हणून लोकांना वाटलं सावरल्या. प्रत्यक्षात त्या एकेक गोष्ट सोडून देत होत्या. केस विंचरायचे ते कशाला? लेक बारा वर्षांची होती, तिच्या शाळेत पालकांच्या सभेला जायचं ते कशाला? आणि खोटं बोलायचं नाही, ते तरी कशाला? "आई, वहीवर सही केलीस?" लेक विचारायची. "केली," म्हणून बाई कूस बदलायच्या. सही केलेली नसायची.

कामातही तेच. पेशंटच्या झग्याला मागे बांधायला कापडी बंद असतात, मानेशी दोन आणि कमरेशी दोन. बंद शिवताना बाई पूर्वी शेवटी टीप दोनदा मागेपुढे फिरवत, म्हणजे कितीही ओढला तरी तो हलत नसे. आता एक सरळ टीप मारली की झगा ढिगात. कोण बघतंय? खरोखरच कोणी बघत नव्हतं. असे सातआठ महिने गेले.

एके सकाळी कपड्यांची गाडी वर नेणारा माणूस आला नव्हता, म्हणून बाई स्वतःच ती ढकलत पहिल्या मजल्यावर गेल्या. एक्सरेच्या खोलीबाहेर लांब बोळ होता. बाकांवर पंधरावीस माणसं नंबराची वाट बघत बसली होती. बोळाच्या त्या टोकाकडून एक उंच म्हातारा चालत येत होता. त्याचा एक हात गळ्यात अडकवलेला आणि दुसऱ्या हाताने तो सलाइनचा खांब ढकलत होता. पाठ ताठ, पावलं मोजून टाकलेली. बोळाच्या मधोमध त्याच्या कमरेचा बंद तुटून खाली पडला आणि झगा मागून पडद्यासारखा उघडला.

दोघंतिघं हसली. बाकीच्यांनी माना फिरवल्या, आणि ते हसण्यापेक्षाही वाईट दिसलं. म्हाताऱ्याकडे झगा सावरायला हात मोकळा नव्हता. तो दोन पावलं बाजूला सरकला, भिंतीला पाठ लावली आणि समोर बघत उभा राहिला. जणू तिथे उभं राहणं हेच त्याला नेमून दिलेलं काम होतं.

बाईंनी तुटलेला बंद उचलला. त्याच्या टोकाला दोऱ्याचे चार तुकडे लोंबत होते. निळसर पांढरा दोरा. त्याची रिळं साऱ्या इस्पितळात फक्त त्यांच्या टेबलावर होती. टीप एकेरी. आपलं अक्षर ओळखावं तशी बाईंनी आपली टीप ओळखली.

त्यांनी गाडीवरची चादर ओढली, म्हाताऱ्याच्या भोवती गुंडाळली आणि मागून घट्ट धरली. "चला आजोबा. मी धरलंय."

"सावकाश," म्हातारा म्हणाला. "एक्सरे कुठे पळून जात नाही."

त्याला आतपर्यंत पोचवून बाई तळघरात परत आल्या आणि यंत्रासमोर नुसत्या बसून राहिल्या. कोणाला काही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. म्हाताऱ्यालाही नाही. बाईंनी स्वतःला नेहमीचं वाक्य ऐकवून बघितलं, काय फरक पडतो? आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या वाक्याला उत्तर आलं. त्याला पडला.

मग बाईंच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कितीतरी वर्षं घरच्या कोणाला सांगितलं नाही. भिंत पडली त्याला कारण नव्हतं. बंद तुटला त्याला मात्र होतं, आणि ते कारण त्या खुर्चीत बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुईदोरा घेऊन त्या वॉर्डात गेल्या. म्हातारा खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता. वॉर्डात सगळे त्यांना पंच म्हणत. तीस वर्षं त्यांनी फुटबॉलच्या सामन्यांत शिट्टी फुंकली होती, आणि अजूनही शेजारच्या खाटांवर भांडण झालं की निवाडा त्यांच्याकडेच यायचा.

बाई स्टुलावर बसल्या. "कालचा बंद माझ्यामुळे तुटला."

"तुमच्यामुळे? मला वाटलं माझ्या वजनामुळे."

"नाही. मी शिवला होता. शिवताना मला माहीत होतं की हा टिकणार नाही. म्हटलं, काय फरक पडतो."

"तीस वर्षं मैदानावर काढली," पंच म्हणाले, "पण आपणहून येऊन फाउल सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. समोरचा लोळत असतो, आणि आमचे वीर दोन्ही हात वर करून उभे. मी नाही, मी तर लांब होतो."

बाईंना हसू आलं. आणि हसू आलं म्हणूनच की काय, त्यांनी भिंतीची गोष्ट सांगितली. बल्ब, अर्धं पाऊल, सगळं. पंचांनी ते ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "वाईट झालं." एवढंच. बाईंच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत कारण न देणारा हा पहिला माणूस.

म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? वरून कोणी बघत असतं?"

"मला नाही वाटत. पण माझं त्यावाचून कधी अडलं नाही." पंचांनी उशी पाठीशी सारली. "सामन्याच्या दिवशी सकाळी आधी मैदानावर चुन्याची फक्की मारून घ्यायची असते. कोरं मैदान हो, गवत आणि माती. त्याला काय माहीत आत काय नि बाहेर काय? आपणच डबा घेऊन रेघा मारायच्या. संध्याकाळपर्यंत त्या पायांनी पुसूनही जातात. पण मधला दीड तास, चेंडू बाहेर म्हणजे बाहेर. मला लोकांनी नाही नाही ते विचारलं, माझा डोळ्यांचा डॉक्टर कोण तेही विचारलं. पण ही रेघ आभाळातून पडलीय का, असं एकानेही विचारलं नाही."

"आणि रेघच वाकडी गेली तर?"

"मारल्यात ना वाकड्या. एकदा पेनल्टीची खूण दोन पावलं पुढे पडली होती. सगळा सामना तसाच पार पडला. तो गोलकीपर अजून माझ्याशी बोलत नाही. पुढच्या वेळी मोजून मारली."

बाई बंद शिवू लागल्या. टीप संपताना सुई दोनदा मागेपुढे फिरवली. मग खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "काल सगळ्यात जास्त काय लागलं तुम्हाला? लोक हसले ते?"

"छे. शिव्या खाऊन खाऊन कातडी जाड झालीय. खरं सांगू का? मला डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचे होते. माझ्या खांद्याबद्दल. पण पाठ उघडी असली की माणसाला प्रश्न सुचत नाहीत. नुसतं हो, हो म्हणत राहतो."

हे वाक्य बाईंच्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं त्या झगे शिवत होत्या, पण झगा चांगला की वाईट हा विचारच त्यांनी केला नव्हता. आता त्यांनी एक झगा टेबलावर पसरला आणि डोकं लढवायला सुरुवात केली. मागून उघडा तो हवाच, इंजेक्शनं असतात, तपासण्या असतात. पण मागच्या दोन बाजू एकमेकींना जेमतेम टेकत होत्या, तिथेच खोट होती. बाद झालेल्या चादरींचं कापड घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक वीत पट्टा जोडला. आता एक बाजू दुसरीवर चढून बसली. कमरेचा बंद मागून काढून कुशीला आणला, म्हणजे पेशंटला एका हाताने स्वतःला बांधता येईल. पहिले दोन बिघडले, तिसरा जमला.

पंधरा दिवसांत मेट्रनबाई खाली आल्या. किल्ल्यांचा जुडगा वाजला की अख्खं तळघर ताठ व्हायचं. त्यांच्या हातात नवा झगा होता.

"हे मागे एवढं कापड कोणी लावलं?"

"मी."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही," बाई म्हणाल्या. "मेट्रनबाई, माझं एक काम करा. हा जुना झगा घ्या, गणवेशावरूनच घाला आणि वर एक्सरेपर्यंत चालून या. मग सांगाल ते करते."

मेट्रनबाईंनी इकडेतिकडे बघितलं. रागावल्या असत्या तर नोकरीवर आलं असतं. पण त्या मुळात परिचारिका होत्या, खाटेशी उभं राहून वर चढलेल्या. त्यांनी झगा चढवला आणि वर गेल्या. बाईही मागोमाग गेल्या. खाली अख्खा गणवेश होता, तरी पाचव्या पावलाला मेट्रनबाईंचा हात आपोआप पाठीमागे गेला. बोळाच्या टोकापर्यंत तो तिथेच राहिला.

परत आल्यावर त्यांनी झगा काढून नीट घडी घातली. "दुरुस्तीला आलेलेच झगे करायचे," त्या म्हणाल्या. "चांगल्यांना हात लावायचा नाही. आणि बाकीचं काम तुंबता कामा नये."

मोठे सर्जनही परीक्षा घ्यायला आले. त्यांना पाठ दोन सेकंदात मोकळी मिळायला हवी होती. पहिल्यांदा त्यांनी बंद ओढला तर गाठ बसली. बाईंनी ओढताच सुटेल अशी गाठ बांधून दाखवली, दुसऱ्या वेळी जमलं. "टाकेबाई," ते म्हणाले, "हे शिकायला आम्हाला सहा वर्षं लागतात."

इस्पितळात साडेआठशे झगे होते. फाटून येतील तसे, आठवड्याला दोन किंवा तीन. सात वर्षं लागली.

या सात वर्षांत बाई हळूहळू पुन्हा माणसांत आल्या. ठरवून असं काही केलं नाही. एक रेघ मारली, ती पटली, मग पुढची. कोणाच्या घरी माणूस गेला की बाई जात, पण कारण म्हणून एक अक्षर बोलत नसत. थेट स्वयंपाकघरात जाऊन साचलेली भांडी घासत आणि निघून येत. पंच बरे होऊन घरी गेले आणि तीन वर्षांनी वारले, तेव्हा बाई त्यांच्याही घरी गेल्या. पंचांच्या सुनेला कळेना की ही कोण बाई आपल्या पातेल्यांना भिडलीय. "आम्ही एकाच मैदानावरचे," बाई म्हणाल्या, आणि सून जे समजायचं ते समजली.

सगळ्याच रेघा सरळ पडल्या असंही नाही. मध्यंतरी बाईंनी ठरवलं की यापुढे सगळ्यांशी सगळं खरंच बोलायचं. त्याच आठवड्यात नणंदेने स्वतः विणलेला स्वेटर दाखवला. बाईंनी खरं सांगितलं. नणंद दोन महिने आली नाही. ती रेघ पुसून पुन्हा मारावी लागली.

नणंदेची श्रद्धा शेवटपर्यंत तिची राहिली, आणि बाईंनी ती कधी हलवायचा प्रयत्न केला नाही. भावाच्या आठवणीने ती डोळे मिटून हात जोडायची, तेव्हा बाई शेजारी गप्प बसून राहायच्या. एकदा तिने विचारलंच, "वहिनी, तू मानत तर काहीच नाहीस. मग एवढं नीट वागतेस ते कोणासाठी?"

"जो समोर असेल त्याच्यासाठी."

"आणि समोर कोणीच नसलं तर?"

"मी असतेच की घरात."

नणंद हसायला लागली. "तुझ्या तोंडी लागण्यात काही अर्थ नाही."

"बघा वन्सं, अर्थ नाही असं तुम्हीच म्हणताय."

लेक एकोणीस वर्षांची झाली आणि बाईंचं जुनं दुखणं तिला येऊन चिकटलं. तिने कॉलेजला जाणं सोडलं, दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहायची. घरात भांडण नाही, कसली निराशा नाही, नुसतं काय फरक पडतो. बाईंनी ते वाक्य ऐकलं. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू यावं तसं झालं.

"आई, शंभर वर्षांनी तू नसशील, मी नसेन," लेक छताकडे बघत म्हणाली. "तुझे ते झगे नसतील. सूर्यसुद्धा विझणार आहे."

"कधी?"

"पाच अब्ज वर्षांनी."

"मग जेवून घे. वेळ आहे."

"विनोद करू नकोस, आई."

विनोदाने भागणार नाही हे बाईंनाही दिसत होतं. त्या रविवारी दुपारी त्या लेकीच्या पलंगाशी जमिनीवर बसल्या आणि घरात कोणालाच न सांगितलेलं ते सगळं सांगितलं. ते रिकामे महिने, ती एकेरी टीप, बोळातला म्हातारा, हातात आलेला बंद. सांगता सांगता म्हणाल्या, "आणि तुला खोटं सांगायचे मी. तुझ्या वहीवर सही केलीय म्हणून. केलेली नसायची. पाचसहा वेळा तरी."

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "मीच करायचे तुझी सही."

"कशी यायची?"

"तुझ्यापेक्षा बरी."

आधी लेक हसली की बाई, हे पुढे दोघींनाही आठवेना. हसून झाल्यावर लेकीने तोंडावरचं पांघरूण पूर्ण बाजूला केलं. "पण मग तुला अर्थ सापडला कुठे?"

"शोधत होते तोवर नाही सापडला बाई. कोणीतरी आणून देईल म्हणून बसून राहिले, तर कोणी दिला नाही. मग एक झगा शिवला. तो म्हातारा घरी जाताना माझ्याशी ताठ उभं राहून बोलला. मला चांगलं वाटलं, तर दुसरा शिवला. एवढंच आहे ते. शंभर वर्षांनी टिकणार नाही म्हणतेस, तर नाही टिकणार. पण तो आज घालायचा असतो कोणाला तरी."

लेक लगेच उठून कामाला लागली असं झालं नाही. आणखी तीन महिने ती तशीच होती. फक्त जेवायला बाहेर यायला लागली, आपलं ताट धुवायला लागली. मग एक दिवस मैत्रिणीबरोबर पोहायला गेली. तिथे तलावाच्या काठाला धरून एक मोठी बाई रडकुंडीला आली होती, पाण्यात उतरायला घाबरत होती. लेकीने तिचा हात धरला आणि उतरवलं. परत आली ती केस ओले ठेवून तासभर तेच सांगत होती. आज ती त्याच तलावावर पोहायला शिकवते. घाबरणारी माणसं तिच्याकडेच पाठवतात.

पुढे आठ वर्षांनी इस्पितळात नवी पद्धत आली. एकदा वापरून फेकून द्यायचे कागदी झगे. जंतू पसरू नयेत म्हणून, आणि ते खरंच होतं, बाईंनी नाकारलं नाही. जुने झगे कापून फरशी पुसायची फडकी करायचा हुकूम निघाला. कापायला अर्थातच बाईंकडे आले. सगळे, त्यांच्या जोडपट्ट्यांसकट.

पहिल्या दिवशी चाळीस कापले. संध्याकाळी लेकीला कळलं तेव्हा ती भडकली. "सात वर्षं घातलीस तू त्यात. तुला राग नाही येत?"

"आला ना. कात्री आपटली मी. टोक मोडलं तिचं."

"आणि मग?"

"मग दुसरी कात्री मागवली." बाईंनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. "अगं, मी बसल्या बसल्या विचार केला. इतकी वर्षं जी माणसं ते झगे घालून बोळातून गेली, ती झाकलेली गेली. आता मी झगा कापला म्हणून मागे जाऊन ती उघडी पडणार आहेत का? ते झालं ते झालं. ते कोणाला कापता येत नाही."

तरी बाई स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. कागदी झगा मागून पट्टे जोडण्याआधीच्या झग्यासारखाच उघडा होता. नव्या मेट्रन वयाने लहान, ऐकून घेणाऱ्या. बाईंनी त्यांना दाखवलं की चालू शकणाऱ्या पेशंटला दोन झगे द्यायचे, एक पुढून आणि एक कोटासारखा मागून. ते लागू झालं. मग एका रविवारी बाईंनी झगे बनवणाऱ्या कारखान्याला पत्र लिहिलं. सोबत खडूने आखून झग्याचं चित्र काढलं, पट्टा कुठे, बंद कुठे, गाठ कशी. उत्तर आलं नाही. दहा महिन्यांनी जो माल आला त्यात मागच्या बाजू एक वीत रुंद होत्या आणि बंद कुशीला होता. बाईंच्या पत्रामुळे की आणखी कोणाच्या, ते कळलं नाही. बाईंनी चौकशीही केली नाही. फक्त एक झगा उघडून त्यांनी बंद ओढून बघितला, तो तुटला नाही, आणि त्या आपल्या चादरींकडे वळल्या.

निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, त्यात कोणीतरी त्यांना सेवेची मूर्ती म्हणालं. बाई शेजारच्या धोब्याच्या कानात पुटपुटल्या, "मूर्तीला गुडघेदुखी नसते."

त्या गुडघ्यांसाठीच डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. तेव्हा आठवड्यातून तीन सकाळी बाई लेकीच्या तलावावर जातात. वर्गात त्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत बडबड्या. पहिला महिना काठ सोडला नाही. लेकीने आरडाओरडा केला नाही, नुसती शेजारी पाण्यात उभी राहिली.

"आई, सोड आता."

"सोडते. मला घाई करू नकोस."

"घाई नाही. मी आहे इथे."

परवा बाईंनी आडवा तलाव एका दमात पार केला. पलीकडच्या काठाला हात लागल्यावर त्यांनी पोहण्याच्या चष्म्यावरचं पाणी निपटलं, मागे वळून बघितलं आणि तिथूनच लेकीला हाक मारून सांगितलं की आज चहा तिने करायचा.